गोदातीरीचे पाणपक्षी आणि आमचे सणवार

वधूवर-सूचना, शिष्यवृत्त्यांचा अहवाल आणि देणगीदारांची नामावली यांच्या पंक्तीला पाखरांवरचा एक लेख बसलेला पाहून काही ज्ञातिबंधूंस नवल वाटेल. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीचा इतिहास यावा, बगळ्या-बदकांचा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु तेलगावच्या पंचक्रोशीत वाढलेल्या कोणत्याही कुटुंबाचा इतिहास पाण्याच्या इतिहासाहून निराळा काढता येत नाही, असे आमचे मत आहे. आणि जेथे पाणी तेथे पाखरे ही ओघाने आलीच. शिवाय अलीकडे पाणथळ जागा आणि पक्षी यांच्या नावाने साजरे होणारे काही नवे दिवस आपल्या मुलाबाळांच्या शाळांपर्यंत पोहोचले आहेत. ते कोठून आले, त्यांच्या आधी आपल्याकडे काय होते, आणि या दोहोंचा मेळ कोठे बसत नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम नव्याचा वृत्तान्त. कास्पियन समुद्राच्या काठी इराण देशात रामसर नावाचे गाव आहे. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी अठरा राष्ट्रांनी पाणथळ जागांच्या रक्षणाचा एक करार केला. पाणथळ म्हणजे केवळ दलदल नव्हे. तळी, नदीचे उथळ पात्र, खाडीकाठची खाजणे, इतकेच नव्हे तर मनुष्याने बांध घालून अडविलेले जलाशयदेखील त्या करारात मोडतात. भारत त्यात १९८२ साली सामील झाला आणि १९९७ पासून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जाऊ लागला. महाराष्ट्रातील पहिले स्थळ या यादीत जाण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले. ते स्थळ म्हणजे नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला, त्यामागे गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती माजल्या आणि त्यांच्या आश्रयाने पक्षी जमले. तेथे हिवाळ्यात वनखात्याच्या वतीने पक्षी महोत्सव भरतो. पुढे २०२० साली लोणार आणि २०२२ साली ठाण्याची खाडी यांचा समावेश झाला. बीड जिल्ह्यातील एकही स्थळ त्या यादीत नाही; परंतु नांदूर-मधमेश्वरवरून वाहणारी गोदावरीच पुढे पैठणला आणि तेथून आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेला येते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा नवा उत्सव खास महाराष्ट्राचा. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह राज्य शासनाने २०२० पासून सुरू केला. त्याच्या दोन टोकांस दोन थोर पुरुषांचे जन्मदिवस आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे मराठीच्या पदरात घातली. त्यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच त्यांचे देहावसान झाले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा, जन्म १८९६. या दुसऱ्या नावाचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध फारसा कोणास ठाऊक नसतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सालिम अलींस तेव्हा कायमची नोकरी नव्हती. संस्थानाने मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण वेतनावाचून संस्थानातील पाखरांची पाहणी करून देऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. संस्थानाने तो मान्य केला आणि १९३१-३२ च्या सुमारास त्यांनी पत्नी तेहमिना यांच्यासह तंबू ठोकीत संस्थानात भ्रमंती केली. त्या पाहणीचा वृत्तान्त पुढील दोन वर्षांत मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या केल्या, त्या मालिकेचा आरंभ हैदराबादेपासून झाला, ही गोष्ट आम्हां मराठवाड्याच्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. त्या वेळी आपल्या भागात आजचे मोठे जलाशय मात्र नव्हते. गोदावरी आणि सिंदफणा मोकळ्या वाहत होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत डोह तेवढे उरत.

जलाशयांची कथा त्यानंतरची, आणि ती सर्वस्वी सुखाची नाही. पैठणच्या धरणास जायकवाडी का म्हणतात, असा प्रश्न आजचे विद्यार्थी विचारतात. जायकवाडी हे आपल्याच बीड जिल्ह्यातील गाव. हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवरील धरणाची पहिली योजना त्या गावाजवळची होती. पुढे जागा बदलली, धरण सुमारे शंभर किलोमीटर वर पैठणला गेले, पण नाव मागे राहिले नाही. ते धरणाबरोबर गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नाथांच्या नावाचा तो सागर अफाट पसरला, परंतु उथळ राहिला; आणि उथळ पाणी हीच पाणपक्ष्यांची आवड. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. आपल्या जवळचे माजलगावचे धरण त्याच योजनेचा पुढला टप्पा. सिंदफणेवर साडेसहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत उभी राहून १९८७ साली ते पुरे झाले. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येऊन पडते. म्हणजे गोदावरीचे पाणी सिंदफणेत आणि तेथून पुन्हा गोदावरीत, असा फेरा मनुष्याने घडवून आणला.

या दोन्ही जलाशयांच्या तळाशी गावे आहेत. पांढरी, गावठाणे, देवळे, सुपीक काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि तेथील माणसांनी दुसरीकडे संसार मांडले. म्हणून जलाशयाच्या काठी उत्सव करताना, हे पाणी कोणाच्या तरी अंगणावर उभे आहे, याचा विसर पडू देऊ नये. ज्यांची घरे गेली त्यांच्या आधी कदंबांचे स्वागत करणे आम्हांस तरी शोभत नाही.

पाखरांस अर्थातच हा हिशेब ठाऊक नाही. हिवाळा लागला की पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. मानेवर आणि डोक्यावर काळे पट्टे असलेला हा हंसजातीचा पक्षी दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतो आणि रात्री गहू-हरभऱ्यात उतरतो, म्हणून शेतकऱ्याचे त्याच्याशी फारसे सख्य नाही. नारिंगी अंगाचा चक्रवाक येतो; संस्कृत कवींनी त्याच्या विरहाचे केवढे कौतुक केले, परंतु रात्री जोडपे वियोगाने तळमळते यास पाहणाऱ्यांकडून काही पुष्टी मिळत नाही. रुंद चोचीचा थापट्या आणि टोकदार शेपटीचा तलवार बदक येतो. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी थव्याथव्याने जमतो, त्यास मराठीत वारकरी असे नाव आहे. नाथांच्या पैठणला वारकऱ्यांचा मेळा पाण्यावरही भरतो, हे ज्या कोणी प्रथम पाहिले आणि नाव दिले त्याच्या रसिकतेस आमचा नमस्कार असो.

आता जुन्याकडे वळू. वरील कोणताही दिवस आपल्या वाडवडिलांस ठाऊक नव्हता, तथापि पाणी आणि जीवजंतू यांचे पंचांग त्यांच्यापाशी होते. मृगाच्या आधी पावशा ओरडू लागला की तो ‘पेरते व्हा’ म्हणतो, असे सांगून आजा नांगर-तिफण पाहू लागे. पर्जन्यनक्षत्रांस वाहने होती: बेडूक, म्हैस वा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, मोर असेल तर मध्यम, कोल्हा असेल तर ओढ. शास्त्राच्या कसोटीस हे उतरणार नाही. पण वर्षाच्या आरंभी सगळा गाव पारावर बसून प्राण्यांची नावे ऐकतो, ही गोष्ट लहान नाही. नागपंचमीस नांगर धरावयाचा नाही, जमीन खणावयाची नाही. पोळ्याला बैल ओढ्यावर-नदीवर नेऊन धुवावयाचे. बीड शहरी तर कंकालेश्वराचे देऊळच पाण्याच्या मध्ये उभे आहे आणि महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. पाण्याकाठी जमणे हा आपला जुना परिपाठच आहे.

येथे एक कबुली इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी दिली पाहिजे. जुने ते सारे दयेचे होते, असे समजण्याचे कारण नाही. नागपंचमीला नाग पूजिला जाई आणि गारुड्याच्या टोपलीत तो उपासमारीने मरेही. फासे आणि गलोल ही आपल्याच गावांतली साधने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यांपैकी बरेच बंद झाले, ते योग्यच झाले.

परंतु आमच्या मते या भागातील सर्वांत महत्त्वाचा जुना मेळावा माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरीचा होय. गोदावरीच्या काठी असलेल्या या गावी सापडलेल्या ताम्रपटावरून यादव राजा रामचंद्राने शके १२३२ म्हणजे इ. स. १३१० साली येथील अग्रहार आपल्या पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाच्या हाती दिल्याचे कळते. पुढे सातशे वर्षे राज्ये बदलली, पण अधिक मासात गोदास्नानास आणि पुरुषोत्तमाच्या दर्शनास येणारा समुदाय काही थांबला नाही. घरोघरची माणसे धोंड्याचे वाण घेऊन येथे येतात.

या यात्रेचा काळ आम्ही मुद्दाम मोजून पाहिला. अधिक मास २०१८ साली ज्येष्ठ, २०२० साली आश्विन, २०२३ साली श्रावण, २०२६ साली पुन्हा ज्येष्ठ. म्हणजे मे ते ऑक्टोबर यांच्या दरम्यान. आणि हीच गोष्ट नव्या उत्सवांच्या बाबतीत नेमकी उलट आहे.

बीड जिल्ह्यातील माणसास हे फोड करून सांगावयास नको. तेलगावास उत्तरेला माजलगावचा ओलिताचा पट्टा आणि साखर कारखाना आहे, तर दक्षिणेला धारूरचा घाट चढला की बालाघाटाचे कोरडे माळ लागतात. त्या माळावरची, आणि पुष्कळशी खालचीही, कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. गाडीत भांडीकुंडी, कडेवर मूल. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील फडांवर कोपी घालून राहावयाचे आणि मार्च-एप्रिलात परतावयाचे. आपल्या ज्ञातीतीलही कितीएक घरे यात आहेत. आता पाहा: पक्षिसप्ताह नोव्हेंबरात आणि पाणथळ दिन फेब्रुवारीत. गावी त्या वेळी म्हातारी माणसे आणि हंगामी वसतिगृहातली मुले तेवढी उरतात. प्रभातफेरी निघते, चित्रे रंगविली जातात, छायाचित्रे निघतात. पण ज्या आईबापांनी मुलाबरोबर काठावर उभे राहावयाचे ते दोनशे कोसांवर उसात असतात. ते परत येतात तेव्हा पट्टकदंब उत्तरेच्या वाटेला लागलेले असतात.

यात शासनाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. परदेशी पाहुणे हिवाळ्यातच येणार. मात्र पाणथळ जागा हिवाळ्यापुरती जिवंत नसते. उन्हाळ्यात नदी सुरय गोदावरीच्या उघड्या वाळूवर अंडी घालतो, आणि वाळू उपसणाऱ्या गाड्यांखाली ती जातात. जलाशय ओसरल्यावर गाळपेर करणारा शेतकरी टिटवीची अंडी ओळखतो आणि बहुधा नांगर वळवून घेतो. पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवर घर करतो, सुगरण बाभळीला खोपे टांगते. हे सारे घडते तेव्हा आपली माणसे घरी असतात. २०१५-१६ च्या अवर्षणात माजलगावचा साठा तळाला गेला आणि मांजरा धरण आटल्यामुळे लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात माणसे आणि पाखरे एकाच डबक्यापाशी आली होती, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

म्हणून आमची मंडळाच्या कार्यकारिणीस अशी विनंती आहे, की नव्या दिवसांस विरोध न करता आपण दोन जुने मुहूर्त हाती घ्यावे. एक, अधिक मासातील पुरुषोत्तमपुरीची यात्रा: तेथे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या नदीत न टाकता परत आणाव्यात, आणि वाळूतील घरट्यांपासून मुलांस दूर ठेवावे. दुसरा, दसरा. या दिवशी नीळकंठ दिसावा म्हणून आपली वडीलधारी माणसे शिवेबाहेर जात असत. पावसाळा सरला की हा निळ्या पंखांचा पक्षी शेतांतल्या तारांवर पुन्हा दिसू लागतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. त्याच सुमारास हिवाळी बदकांचे पहिले थवे जलाशयावर उतरू लागतात आणि टोळ्या अजून गावातच असतात. मंडळाचे दसऱ्याचे स्नेहसंमेलन तिसऱ्या प्रहरी असते. त्या सकाळी सहा वाजता माजलगावच्या धरणाकाठी जमण्यास काहीच अडचण नाही. एखाद्या शिक्षकाकडून दुर्बीण मागून आणता येईल, आणि सोन्याची पाने तेथेच वाटता येतील.