वरातीच्या आवाजाची मर्यादा

वरातीला बँड सांगायचा की डीजे, हा वाद निघाला की बँडची बाजू घेणारे हमखास परंपरेचा दाखला देतात. इतिहासापुढे हा दाखला टिकत नाही, कारण बँड हाच एकेकाळचा नवखा पाहुणा होता. पितळी वाद्यांचे ताफे इंग्रजांच्या पलटणींबरोबर इथे रुळले आणि संस्थानिकांनी त्या नमुन्यावर आपापले दरबारी बँड उभे केले. ज्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबख्शांची गायनशाळा सुरू झाली, तिथेच संस्थानचा पाश्चात्त्य धर्तीचा बँडही नांदत होता. दरबारातली ऐट आधी सरदार-सावकारांच्या मिरवणुकीत उतरली आणि विसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या वरातीत. मेरठच्या नादिर अली कंपनीने १८८५ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून देशी बनावटीची वाद्ये मिळू लागली, तशी गावोगावच्या ताफ्यांची सोय झाली. पुण्यातला प्रसिद्ध प्रभात बँड १९३८ चा. म्हणजे सर्वसामान्यांच्या लग्नातला बँड चार-पाच पिढ्यांपलीकडे जात नाही. त्याची बाजू मांडायची तर परंपरेपेक्षा भक्कम आधार शोधावा लागेल, आणि तो वाजवणाऱ्यांच्या श्रमात सापडतो.

बँडने ज्यांना मागे सारले ती सनई-चौघडा, संबळ, डफ, हलगी ही वाद्ये जातीच्या चौकटीत वाजत. देवळातली सनई गुरवाची, मंगलकार्यातली अनेक ठिकाणी घडशांची, तर हलगी आणि वाजंत्रीचे काम बहुतांशी मातंगांकडे. वाजवणे हे कौशल्य होतेच, पण ते गावकीचे बंधनही होते. मोबदला धान्याच्या रूपात किंवा यजमानाच्या मर्जीवर, आणि पंगतीतली जागा सगळ्यांच्या शेवटी. बँडने या व्यवहाराची भाषा बदलली. सुपारी घेतली जाऊ लागली, दर ठरू लागला, अंगावर झालरीचा गणवेश आला आणि ताफ्याला मास्तर मिळाला. वादक पुष्कळदा त्याच समाजांतले होते. जात पुसली गेली नाही, पण गावकीच्या जागी करार आला. गोव्यात हीच वाट चर्चच्या पॅरिश शाळांमधून गेली. तिथे स्वरलिपी शिकलेली मुले लष्करी बँडमध्ये, मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात पोटाला लागली. त्या वेळी नव्या वाद्यांनी जुनी हटवली, तरी काम माणसांच्याच हातात राहिले.

डीजेने मात्र नेमके हेच बदलले. हा बदल एका रात्रीत झाला नाही आणि बँडवाल्यांचा त्यात वाटा नव्हता असेही नाही. गायक, माईक आणि कॅसिओ त्यांनीच आधी ताफ्यात घेतले. खानदेशातल्या बँडच्या गाड्यांवर कर्णे चढले, मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो पार्ट्या निघाल्या. विजेच्या आवाजाची सवय कानांना इथेच लागली. मग पंधरा-वीस वादकांची मजुरी, जेवण आणि प्रवास यांच्याऐवजी एक टेम्पो, एक जनरेटर आणि दोन-तीन माणसे पुरतात, हा हिशेब यजमानाला पटायला वेळ लागला नाही. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट फुंकणाऱ्याचे ओठ थकतात, दम लागतो, दोन गाण्यांमध्ये त्याला थांबावे लागते. आवाज किती मोठा आणि किती वेळ, याची मर्यादा वाजवण्यातच असते. जनरेटरला डिझेल असेपर्यंत स्पीकरला अशी मर्यादा नाही, म्हणून ती बाहेरून घालावी लागली. २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची सीमा आखली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई केली. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला.

यावर पहिला आक्षेप ढोल-ताशांचा. शे-दोनशे ढोल एकदम वाजले की कानठळ्या बसतात, आणि तेही जिवंत वादनच असते. हे खरे आहे. जिवंत वादन म्हणजे मंद वादन असा दावा कोणी करू नये. पण नियमन कसे होते ते पाहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये पुण्यातल्या पथकांना ३० वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. निर्णय कोणताही योग्य माना, मर्यादा माणसे मोजून घालता येते, हे त्यातून दिसते. स्पीकरच्या भिंतीपुढे यंत्राशिवाय पुरावा नाही, आणि यंत्र येईपर्यंत आवाज खाली आणता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्या वरातीला कधी गावातून वाट मिळत नव्हती, ज्यांनी इतरांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या वाजवले, त्यांना स्पीकरने प्रथमच आपला आवाज गावभर ऐकवता आला; आता त्यांनाच मर्यादा शिकवायची का? वाजंत्रीचे गोडवे गाताना तिच्यामागची सक्ती विसरणाऱ्यांना हा प्रश्न लागू पडतो, आणि त्या सक्तीकडे कोणी परत जाऊ नये. पण बँड ही त्या सक्तीतून बाहेर पडण्याचीच एक वाट होती. डीजेच्या स्वस्ताईची किंमत पहिल्यांदा मोजली ती बऱ्याचदा त्याच समाजांतल्या वादकांनी. लग्नसराईच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्याची सुपारी गेली की पुढच्या पिढीला वाद्य शिकवण्याचे कारणही उरत नाही.

म्हणून यजमानाने बँड निवडावा तो वाडवडिलांची रीत म्हणून नव्हे. ठरलेला दर, वेळेवर बिदागी आणि इतरांबरोबर पंगत देता येत असेल, तरच त्या निवडीला अर्थ आहे. हे द्यायचे नसेल, तर बँड आणून नुसती जुन्या काळाची हौस भागेल, आणि ती डीजेपेक्षा फार निराळी ठरणार नाही.