कपाटातली मुकी तबकडी

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या खणात एक प्लॅस्टिकची डबी सापडली. आत एक चकचकीत तबकडी होती. तिच्यावर निळ्या मार्करनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'मामा - टीव्ही - मोसंबी - २००६'.

माझे मामा बदनापूर तालुक्यातले मोसंबीवाले. २००६ साली टीव्हीवरच्या शेतीविषयक कार्यक्रमात त्यांची बाग चार-पाच मिनिटं दाखवली होती. त्या संध्याकाळी सगळा गोतावळा जालन्याला आमच्या घरी जमला. कारण टीव्हीवरचा कार्यक्रम उतरवून घेणारं यंत्र, म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर, आमच्याकडे नुकतंच आलं होतं. पुढं २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात मामांचीही वाळली. काही वर्षांनी मामाही गेले. उरली ती ही तबकडी.

मी ती प्लेअरमध्ये घातली, तर पडद्यावर दोनच शब्द आले : 'नो डिस्क'. कॉम्प्युटरनं तर ती कोरी असल्याचं सांगितलं. मामी शेजारीच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ''त्यात हे हायेत का नाहीत, तेवढं सांग बाबा.''

मामींना उत्तर देण्यासाठी मला एका विसरलेल्या यंत्राचा इतिहास धुंडाळावा लागला. तोच आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

मंडळी, सुरुवातीच्या काळात टीव्ही हा वाहत्या पाण्यासारखा होता. समोरून गेलं ते गेलं. आपल्या देशात दूरदर्शनची प्रायोगिक सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला चित्र दिसू लागलं. मराठवाड्याला मात्र बराच काळ थांबावं लागलं. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा इथं बहुतेक घरांत रेडिओ हाच सोबती होता. १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी रंगीत चित्र आलं आणि त्यानंतर देशभर प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं वाढली. खुलताबादजवळ म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. मग गावोगावी बांबूला बांधलेल्या अँटेना आल्या. एकानं गच्चीवर जाऊन काड्या फिरवायच्या आणि दुसऱ्यानं खालून ओरडायचं, ''आलं, आलं... गेलं!'' हा संवाद कोणाला आठवत नाही?

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, ते का? लोकांची भक्ती होतीच, पण आणखी एक साधं कारण होतं. त्या वेळेला पाहिलं नाही, तर तो भाग पुन्हा हाती लागण्याची खात्री नव्हती. वेळापत्रक टीव्हीचं आणि त्याप्रमाणे वागायचं आपण.

ही सक्ती मोडणारं यंत्र खरं तर तोवर जगात आलेलं होतं. सोनी कंपनीनं १९७५मध्ये बीटामॅक्स आणलं. पुढच्या वर्षी जेव्हीसी कंपनीचं व्हीएचएस आलं. घरबसल्या टीव्हीवरचा कार्यक्रम फितीवर उतरवायचा आणि सवडीनं पाहायचा, ही कल्पना चित्रपट कंपन्यांना मुळीच रुचली नाही. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६मध्ये सोनीवर दावा ठोकला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला, की पुढं सवडीनं पाहण्यासाठी घरात केलेलं असं मुद्रण बेकायदा नाही. एका मतानं पारडं इकडचं तिकडं झालं असतं! आपल्याकडेही १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खासगी, वैयक्तिक वापरासाठी सवलतीची तरतूद आहे. विक्रीला किंवा जाहीर खेळाला मात्र ती लागू नाही.

आपल्या भागात व्हीसीआर आला, तो मुख्यतः भाड्यानं. गणपतीत वर्गणी काढून टीव्हीसकट यंत्र आणायचं आणि रात्रभर तीन सिनेमे पाहायचे. टीव्हीवरचं काही उतरवून ठेवावं, हे फार थोड्यांना सुचलं. कोरी फीत महाग असायची. शिवाय टीव्हीवरचा कार्यक्रम जपून ठेवायची जबाबदारी टीव्हीवाल्यांची, असंच सगळे धरून चालले होते.

इथंच गफलत झाली. टीव्हीवाल्यांनीही तो जपला नव्हता. फिती महाग, जागा अपुरी, म्हणून जुनं पुसून त्याच फितीवर नवं मुद्रित करण्याची रीत जगभर होती. ब्रिटनच्या बीबीसीनं 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले. त्यातले नव्वदहून अधिक अनेक दशकं बेपत्ता राहिले. पण त्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण काही चाहत्या पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता. आपल्या दूरदर्शनच्याही जुन्या कार्यक्रमांच्या कितीतरी फिती अशाच पुन्हा वापरल्या गेल्या. आणि १८ जून १९८३चा टनब्रिज वेल्सचा सामना तर कोणताही क्रिकेटवेडा विसरणार नाही. झिंबाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ आणि तिथून कपिलदेव नाबाद १७५. त्या खेळीचं चित्रमुद्रणच नाही. आज ती फक्त धावफलकात, छायाचित्रांत आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंचं. पेशानं त्या ग्रंथपाल. १९७९पासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या घरातल्या व्हीसीआरवर बातम्या अखंड उतरवत राहिल्या. सुमारे ७० हजार फिती जमल्या. आयुष्यभर लोकांनी त्यांना विक्षिप्त ठरवलं असेल, पण त्यांच्यामागे २०१३मध्ये हा सारा संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं मोठ्या मानानं स्वीकारला. वाहिन्यांनी जे टाकून दिलं, ते एका घराच्या भिंतीआड टिकलं.

आता डीव्हीडी रेकॉर्डरकडे येऊ. १९९९मध्ये जपानमध्ये पायोनियर कंपनीनं पहिला घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर बाजारात आणला. आपल्याकडे तो दिसू लागला त्यानंतर काही वर्षांनी, आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी सामानातून. यात एक गंमत होती. दुबईहून आणलेलं यंत्र इथं मुकाट चालायचं. अमेरिकेहून भाच्यानं कौतुकानं आणलेलं मात्र नुसत्या मुंग्या दाखवायचं. कारण आपली प्रक्षेपणाची पद्धत 'पाल', ६२५ रेषांची, आणि दुबईचीही तीच. अमेरिकेची 'एनटीएससी', ५२५ रेषांची. शिवाय तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०ची.

यंत्र जोडायची रीत आता सांगतो, कारण गोष्टीची किल्ली त्यातच आहे. अँटेनाची किंवा केबलची वायर टीव्हीतून काढून रेकॉर्डरच्या पाठीमागे खोचायची. रेकॉर्डरमधून दुसरी वायर टीव्हीकडे न्यायची. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची केबल जोडायची, पिवळी चित्राची आणि उरलेल्या दोन आवाजाच्या. मग यंत्राला आपोआप चॅनेल शोधायला लावायचं. म्हणजे टीव्हीवर एक वाहिनी पाहत असताना यंत्र स्वतःच्या ट्यूनरवर दुसरी उतरवून घेऊ शकायचं. पुढं दर्जा ठरवायचा. साध्या तबकडीत ४.७ जीबी जागा. 'एसपी'वर ठेवलं तर दोन तास, 'एलपी'वर चार तास. जितके जास्त तास, तितकं चित्र पुसट.

शेवटी घड्याळ लावायचं आणि टायमर. आणि इथंच मराठवाड्याचा खरा शत्रू आडवा यायचा, तो म्हणजे भारनियमन. त्या वर्षांत तासन्‌तास वीज जायची. वीज परत आली, की बऱ्याच यंत्रांची घड्याळं शून्यावर येऊन लुकलुकत बसायची आणि लावलेला टायमर वाया जायचा. मुद्रण चालू असताना वीज गेली, तर तबकडीच निकामी होण्याचं भय. मामांच्या कार्यक्रमाच्या दिवशी म्हणूनच शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली होती. मामा टीव्हीपुढं पांढरी टोपी सारखी करत बसले होते, जणू आतूनही त्यांना कोणी पाहणार होतं. कार्यक्रम संपला, पेढे वाटले, मी तबकडी काढली, तिच्यावर नाव लिहिलं आणि कपाटात ठेवली.

चूक झाली ती त्याच क्षणी. एक काम राहिलं होतं, 'फायनलाइज' करण्याचं.

हे काय प्रकरण आहे? वहीत आपण पानंच्या पानं लिहितो आणि शेवटी पहिल्या पानावर अनुक्रमणिका घालतो, तसंच हे. रेकॉर्डर तबकडीवर चित्र कोरत जातो, पण इतर प्लेअरना समजेल अशी अनुक्रमणिका तो लगेच लिहीत नाही. तुम्हाला आणखी काही भरायचं असेल, म्हणून जागा मोकळी ठेवतो. 'फायनलाइज' हे बटण दाबलं, की काही मिनिटांत अनुक्रमणिका लिहिली जाते आणि तबकडी कुठंही चालते. ते केलं नाही, तर मजकूर असूनही बाहेरच्या यंत्राला ती कोरीच वाटते. जिल्ह्यातल्या किती कपाटांत अशी लग्नं, कीर्तनं, सामने आणि मुलाखती मुक्या पडल्या असतील, देव जाणे.

मधल्या काळात यंत्राचं दिवस फिरले. घरोघरी डिश आली. २००४च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. २०११मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्याची शेवटच्या टप्प्याची, म्हणजे गावखेड्यांची, मुदत ३१ मार्च २०१७ होती. पाठोपाठ २०२२पर्यंत दूरदर्शननं मोजकी ठिकाणं सोडून अँटेनावरचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपणही थांबवलं. रेकॉर्डरमधला ट्यूनर शोधत बसला, तरी त्याला आता सापडणार काय? आजही हे यंत्र वापरायचं, तर सेट टॉप बॉक्सची तीन पिनांची केबल रेकॉर्डरच्या 'इन' लिहिलेल्या भोकांत जोडावी लागते, रेकॉर्डरवर 'एव्ही' निवडावं लागतं आणि हवी ती वाहिनी बॉक्सवरच लावून ठेवावी लागते. एवढा खटाटोप कोण करणार? आमचंही यंत्र एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं. तबकडी तेवढी राहिली.

दिवाळीनंतर मी शोधाला लागलो. दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. बहुतेकांनी हसून हात वर केले. अखेर छत्रपती संभाजीनगरला एका जुन्या कारागिराच्या फळीवर, धुळीत, आमच्याच बनावटीचा रेकॉर्डर मिळाला. त्याचा कप्पा अडकत होता, तो त्यांनी रबरी पट्टा बदलून सोडवला. तबकडी आत गेली. यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं आणि पडद्यावर एक छोटी चौकट उमटली. मी आधी चित्र न पाहता 'फायनलाइज' दाबलं. ती काही मिनिटं फार लांब वाटली.

मामी आल्या त्या दिवशी घरात कोणी बोलत नव्हतं. आधी कार्यक्रमाचा शेवटचा तुकडा नाही, तर एका खताची जाहिरात लागली, मग बाजारभाव आणि मग बाग. हिरवीगार, फळांनी वाकलेली. विहिरीवरची मोटर चालू, तिचा आवाज मागं. आणि पांढऱ्या टोपीतले मामा, पाणी कसं द्यायचं ते हातवारे करून सांगत होते. मामी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, ''किती पाणी होतं रं विहिरीला!''

मी मामांना शोधत होतो, त्यांना पाणीही दिसलं. बदनापूरच्या त्या शिवारात २००६ला विहिरीत किती पाणी होतं, खताला काय भाव होता, लोक कसे बोलत होते, हे सारं त्या चार-पाच मिनिटांत आहे. इतिहास याहून वेगळा काय असतो? तो फक्त सरकारी दप्तरांत आणि मोठ्या केंद्रांच्या कोठारांत राहत नाही, पुष्कळदा कपाटाच्या वरच्या खणातही असतो.

म्हणून एक विनंती. घरी अशा तबकड्या असतील तर आजच काढा. त्यांच्यावरचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उकाड्यानं हळूहळू खराब होतो, आणि आपला उन्हाळा काही साधा नाही. ज्या चालतात, त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ज्या 'कोऱ्या' दिसतात, त्या फेकू नका. जुना रेकॉर्डर कोणाच्या माळ्यावर आहे का, ते विचारा. आणि भंगारवाल्याला यंत्र देण्याआधी ते बटण एकदा दाबा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)