‘हे खरे आहे काय?’ : विधिमंडळातील उत्तरांच्या गद्याविषयी

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण बखरींपासून आरंभ करतो, निबंधमालेपाशी थांबतो, वृत्तपत्रांचा उल्लेख करतो आणि कादंबरीकडे वळतो. शासनाच्या गद्याची दखल घेतलीच, तर ती थट्टेपुरती. वास्तविक येथील शेतकरी, शेतमजूर, अंगणवाडीतले मूल आणि विधवा यांच्याविषयी अधिवेशनामागून अधिवेशन लिहिले जाणारे एक गद्य आहे, आणि ते छापून जपूनही ठेवले जाते. विधिमंडळातील प्रश्नोत्तरे हे ते गद्य. त्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी गद्य म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

या गद्याचा आकृतिबंध एखाद्या वृत्तासारखा ठरलेला आहे. आरंभ असा : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?’ त्याखाली क्रमांक येतात. अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांना अतिवृष्टीची भरपाई अद्याप मिळाली नसल्याचे अमुक महिन्यात निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने या प्रकरणी चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर मंत्र्यांची उत्तरे : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि शेवटी जवळजवळ ठरलेले ‘प्रश्न उद्भवत नाही’.

या रचनेचा सगळा भार पहिल्या कलमावर असतो. पुढची कलमे ‘असल्यास’ या एका शब्दाने त्यात ओवलेली असतात. पहिल्या कलमातला महिना, आकडा किंवा गावाचे नाव चुकले, की ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते आणि पुढची माळ आपोआप ओघळते. उत्तर देणारा येथे खोटे बोलत नाही. भरपाई मिळालेली नाही, हेही तो नाकारत नाही. प्रश्नात लिहिलेले वाक्य जसेच्या तसे खरे नाही, एवढेच तो सांगतो. शेवटच्या कलमाची गत याहून चमत्कारिक. चौकशी ‘सुरू आहे’ म्हणजे विलंब झालेलाच नाही, आणि विलंब नाही तेथे त्याची कारणे कोठून येणार? व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. भरपाईची वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते काय आहे, हे सांगण्याची सोय या आकृतिबंधात नाही.

हा आकृतिबंध आला कोठून, हे पाहावयाचे तर वसाहतकाळात जावे लागते. १८६१च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सदस्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. तो १८९२च्या कायद्याने मिळाला, पण मोठ्या कंजूषपणाने. आगाऊ सूचना द्यावी, प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावे आणि खाली बसावे. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. पुढच्याच काही वर्षांत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, मुंबई इलाख्यावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. दुष्काळ संहितेत रयतेला कोणत्या सवलती लिहून दिल्या आहेत, हे पुण्याची सार्वजनिक सभा गावोगाव माणसे पाठवून सांगत होती. लोकमान्य टिळक त्या काळात मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य होते आणि त्यांचा ‘केसरी’ हेच काम करीत होता. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचा कायदा सरकारच्याच शब्दांत रयतेला वाचून दाखवणे किती झोंबते, याचा हा पुरावा मानावा लागेल. सभागृहात बोलण्याची मुभा असे तेथेही सरकारी बहुमताची भिंत उभी होती. १९०१ मध्ये जमीन-महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीला विरोध करूनही काही साधत नाही असे दिसल्यावर फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले.

१९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार दिला. १९१९नंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. पण १९१९च्या द्विदल राज्यपद्धतीने शेतीचीच फाळणी केली. शेती आणि सहकार ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. जमीन-महसूल आणि दुष्काळनिवारण गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवण्यात आले. बियाण्याविषयी विचारावे तर एकाने उत्तर द्यावे, आणि ते बियाणे करपल्यावर सारामाफीविषयी विचारावे तर दुसऱ्याने. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता येईपर्यंत ही विभागणी टिकली. ‘सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही’ या वाक्याची मुळे शोधणाऱ्याने या काळापाशी थांबून विचार करावा.

स्वातंत्र्यानंतर उत्तर देणारे आपले झाले आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर उत्तरांची भाषाही आपली झाली. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने तिला कायद्याचे बळ मिळाले. परंतु याच सुमारास एक घटना घडली, जी भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘टंचाई’ या अर्थाचा शब्द घातला. कारण असे दिले, की शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत दिली जाते, म्हणून दुष्काळ पडण्यास आता वावच उरलेला नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, जे आले त्याला खेड्यापाड्यांतील माणसे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात. टंचाई म्हणताना आम्ही कोणाला ऐकले नाही.

येथे या गद्याची खरी हातोटी ध्यानात येते. वस्तुस्थिती नाकारणे अवघड असते. तिचे नाव बदलणे सोपे असते. ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ हे शब्द याच हातोटीतून आले. अलंकारशास्त्रात सादृश्य उपमेचा प्राण असते. प्रशासनात ते जबाबदारी सौम्य करण्याचे साधन होते. मे २०१६ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयापुढे असताना शासनाने २९ हजारांहून अधिक गावांबाबत ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी दुरुस्ती केली. एका प्रत्ययवजा शब्दासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते, यावरून त्या शब्दाचे वजन कळावे.

आत्महत्यांच्या बाबतीत हीच हातोटी अंगावर काटा आणते. २००५-०६च्या शासन निर्णयांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत ठरली. कर्जबाजारीपणा, नापिकी, परतफेडीचा तगादा अशी कारणे ठरली आणि निवाड्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निकष असावेत, यात गैर काही नाही. सार्वजनिक पैसा निकषांवाचून वाटता येत नाही. पण सभागृहात आकडे येऊ लागले ते ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘चौकशीसाठी प्रलंबित’ अशा तीन रकान्यांत. पात्र-अपात्र ठरत होती ती मदत. वाक्यात मात्र मृत्यूच पात्र वा अपात्र होऊ लागला. घरात कोणाच्याही नावे सातबारा नाही, दुसऱ्याची जमीन ठोक्याने करणारा आहे, तो कसत होता हे गावाला ठाऊक असले तरी कागदाला ठाऊक नव्हते. मेळघाटातील बालमृत्यूंविषयीचा वादही असाच चालत आला. मूल न्यूमोनियाने गेले की कुपोषणाने? कमी वजनाच्या मुलाला न्यूमोनिया झेपत नाही, हे वैद्यक सांगते. पण उत्तराच्या रकान्यात एकच कारण बसते, आणि बहुधा शेवटचे कारण बसते. जुलै २०१५ मध्ये राज्यसभेत शेतकरी-आत्महत्यांविषयीच्या प्रश्नाला केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह यांनी लेखी उत्तर दिले, त्यात कौटुंबिक समस्या, आजारपण, व्यसन, हुंडा, प्रेमप्रकरणे, नपुंसकता अशी कारणांची यादी होती. गदारोळ उठला तेव्हा यादी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची असल्याचे सांगण्यात आले. तेही खरेच होते. कर्त्यावाचून लिहिलेल्या गद्यात कोणी कोणाला जबाबदार नसतो.

हे गद्य लिहिते कोण? प्रश्न विधिमंडळ सचिवालयातून विभागात जातो, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. माहिती त्याच पायऱ्या चढून वर येते आणि कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत प्रत्येक टेबलावर एकेक धारदार कोपरा घासून गुळगुळीत होतो. ज्या कार्यालयात विलंब झाला, त्याच कार्यालयाने पुष्कळदा विलंबाच्या कारणांचा पहिला मसुदा करायचा असतो. मंत्री शेवटी सही करतो. प्रश्नकर्त्याचेही हात बांधलेले असतात. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्यात युक्तिवाद, अनुमाने, आरोप, विशेषणबाजी, इतकेच काय उपरोधही चालत नाही. उपरोधाला नियमाने बंदी असलेला दुसरा लेखनप्रकार आमच्या पाहण्यात नाही.

म्हणूनच उपप्रश्नाचे महत्त्व. छापील उत्तर वाचून झाल्यावर सदस्य उठतो आणि विचारतो : ‘अंशतः म्हणजे किती?’ तेव्हा मंत्र्याला मसुद्याबाहेर यावे लागते. या क्षणी कर्ता वाक्यात परत येण्याची शक्यता असते. ‘करण्यात येईल’ म्हणणारा ‘मी करतो’ म्हणतो, आणि त्या शब्दाला किंमत असते. शासकीय आश्वासनांच्या पाठपुराव्यासाठी लोकसभेने १९५३ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ अशा कोणत्या शब्दप्रयोगांना आश्वासन मानावे, याची यादीच तेथे सिद्ध आहे, आणि दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे असा दंडक आहे. आपण ज्या वाक्यांना पोकळ म्हणून हसतो, त्यांनाच बांधील धरणारी ही समिती शब्दांवर साहित्यिकांहून अधिक विश्वास ठेवते, असे म्हणावेसे वाटते.

उपप्रश्न नसला म्हणजे काय होते, हे सप्टेंबर २०२०ने दाखवले. महामारीचे कारण सांगून संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला गेला नाही. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. तीन कृषी विधेयके याच अधिवेशनात मंजूर झाली. म्हणजे शेतीसंबंधी एवढा मोठा निर्णय होत असताना उपप्रश्नाच्या बाबतीत संसद १८९२च्या नियमांवर गेली होती. पुढे आंदोलन झाले आणि २०२१च्या हिवाळी अधिवेशनात कायदे मागे घेण्यात आले. त्याच अधिवेशनात, आंदोलनात मरण पावलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत देणार काय, या प्रश्नाला कृषी मंत्रालयाने लेखी उत्तर दिले : मंत्रालयाकडे याबाबत नोंद नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

एवढे असूनही ही उत्तरे निरुपयोगी नाहीत. ‘नोंद नाही’ हेही आता नोंदले गेले आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या सभागृहात, कोणी तसे म्हटले, हे पुसता येणार नाही. वाङ्मयाच्या वर्गात कवितेतील एका शब्दावर आपण तासभर बोलतो. तेवढ्याच बारकाईने ‘अंशतः’, ‘सदृश’ आणि ‘पात्र’ हे शब्द वाचले जावेत, एवढीच आमची सूचना आहे. एखाद्या अधिवेशनाची प्रश्नोत्तरांची यादी वर्गात आणावी, प्रत्येक वाक्याचा कर्ता कोठे गेला ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. त्यांच्यापैकी काहींच्या घरी त्याच यादीतल्या भरपाईची वाट पाहिली जात असेल.