राखीव वाहिन्यांचा न्याय

प्रवासात फोन मध्येच तुटला की आपण चिडतो. तो तुटू नये म्हणून दुसऱ्या कुणाला नकार मिळतो, हे मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते.

१९१७ साली कोपनहेगनच्या ए. के. एरलांग यांनी ठरावीक तारांवर किती कॉल नाकारले जातील, याचे सूत्र मांडले. मोबाइलधारक मात्र बोलता बोलता एका मनोऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो. तिथे वाहिनी मोकळी नसेल तर बोलणे तुटते. १९८६ साली हाँग आणि रॅपपोर्ट यांनी अशा येणाऱ्यांसाठी काही वाहिन्या राखून ठेवण्याचे गणित मांडले. तुटणारे कॉल घटतात, पण राखीव वाहिनी रिकामी असतानाही नवा कॉल परत जातो.

नकारापेक्षा अर्धवट तुटलेले बोलणे अधिक जाचते, हा निवाडा मात्र गणिताआधीचा, माणसांच्या अनुभवाचा आहे.