रकान्यातली माणसं

मी जबलपूरहून बोलतोय. 2011 च्या जनगणनेला आमच्या घरी गणक आले आणि मातृभाषेसमोर न विचारताच हिंदी लिहू लागले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मराठी लिहा हो, मराठी!" त्यांनी खोडून दुरुस्त केलं. तेव्हापासून मला वाटतं, जनगणना माणसं नुसती मोजत नाही. कोण काय आहे, हेही तीच ठरवते.

जवळचंच कटनी घ्या. 1998 पर्यंत ते आमच्या जिल्ह्यात होतं. जुनं नाव मुडवारा. रायबहादूर हिरालाल तिथलेच. 1901 साली मध्य प्रांताच्या जनगणनेचे प्रमुख रसेल होते आणि हिरालाल त्यांचे सहायक. इथल्या जाती-जमातींवरचा रसेल यांचा चार खंडांचा ग्रंथ 1916 मध्ये निघाला, तोही हिरालालांच्याच मदतीने.

हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंडांचा, राणी दुर्गावतीचा. पण 1901 मध्ये धर्माच्या रकान्यात बहुतेक गोंड एकतर 'हिंदू' झाले, नाहीतर 'ॲनिमिस्ट', म्हणजे झाडाडोंगरांत जीव मानणारे. हा दुसरा शब्द साहेबांच्या पुस्तकातला. कुठला गोंड स्वतःची ओळख अशी सांगत असेल? स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला, 'अनुसूचित जमात' आली. 2011 मध्ये सुमारे 10 लाख लोकांनी आपला धर्म गोंडी सांगितला. छापील तक्त्यात ते 'इतर धर्म' या गाठोड्यात गेले.

त्याच कटनीने पुढे कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला महापौर म्हणून निवडून दिलं. पद महिलांसाठी राखीव होतं. निवडणुकीला आव्हान मिळालं आणि ती रद्द झाली. 2003 मध्ये इथल्या, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कारण काय? कायद्याच्या नजरेत त्या पुरुष! जनगणनाही तेच सांगत होती. 2001 पर्यंत गणकांना सूचना असे: तृतीयपंथी व्यक्ती असेल तर 'पुरुष' लिहा. गावाने मतं दिली, पण कागदावर त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

2011 मध्ये प्रथमच लिंगाच्या रकान्यात 'इतर' आलं आणि 4,87,803 जण त्यात मोजले गेले. मग 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली. कमला जान यांच्यासाठी मात्र हे सगळं उशिराच झालं.

आता येत्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. 1931 नंतर देशातल्या सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. आरक्षण, मतदारसंघ, शाळेतली भाषा, सगळ्यांचे वाद याच आकड्यांवर लढले जातील. म्हणून एक विनंती. गणक दारात आले की पाणी विचारा, आणि ते निघण्याआधी काय लिहिलंय ते वाचून घ्या. चूक असेल तर माझ्या आईसारखं आतून ओरडायला लाजू नका.