सायकल, सांकळ आणि ओळख

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, बसस्थानकाबाहेरच्या कडुलिंबाखालीं आपली सायकल लावून आम्ही परगांवीं गेलों. सायंकाळीं परत येऊन पाहतों तों झाड जागच्या जागीं होतें, सायकल मात्र नव्हती. मागच्या चाकाचें कुलूप लावल्याचें आम्हांस पक्कें स्मरत होतें. किल्ली तर खिशांतच होती. ठाण्यावर गेलों तेव्हां तेथील अंमलदारानें सौजन्यानें विचारलें, "सायकलीचा रंग?" आम्ही म्हणालों, "काळा." "उंची?" "बावीस इंची." "कांहीं खूण?" आम्ही विचारांत पडलों. "बरें, फ्रेमचा नंबर?" या प्रश्नास आमच्यापाशीं मुळींच उत्तर नव्हतें. अकरा वर्षें जिच्यावर बसून रोजचा कामधंदा केला, तिचें नांवगांव सांगण्याची वेळ आली तेव्हां आपण तिला ओळखतच नाहीं असें आमच्या ध्यानांत आलें! अंमलदारानें लेखणी खालीं ठेवून एवढेंच म्हटलें, "साहेब, अशा या गांवांत पांचशें निघतील."

तें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. सायकल चोरीस कां जाते याचें कारण आम्ही तोंवर चोराच्या लोभांत व कुलपाच्या कच्चेपणांत शोधीत होतों. अंमलदारानें तें दुसरीकडेच दाखविलें. त्या अनुरोधानें मागें पाहतां जो इतिहास आम्हांस दिसला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा पेंच पडला नसता. त्यांचें वाहन बैल. बैलाचा रंग, शिंगांचा बांक, कपाळावरचा चांद, चालण्याची ढब, अंगावरचा डाग या सर्वांनीं तो गांवांतल्या पोरालाही ओळखूं येई. बाजारांत त्याची विक्री झाली तर साक्षीदारांसमोर होई. शिवाय बैल चालला म्हणजे त्याचा माग मातींत उमटे. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला व जो पुढें १८२१ सालीं छापला गेला, त्यांत गांवच्या राखणदाराची रीत वर्णिली आहे. चोरी झाली म्हणजे त्यानें माग काढीत शिवेपर्यंत जावें. माग शेजारच्या गांवांत शिरला असें दाखवून दिलें म्हणजे पुढची जबाबदारी त्या गांवाच्या राखणदाराची. आणि माग आपल्याच शिवेंत विरला तर नुकसानीचा भार कांहीं अंशीं त्याच्यावर व गांवावर. वऱ्हाड त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. १८५३ सालीं तो इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. तथापि गांवगाड्याची ही घडी सर्व मराठी मुलखांत थोड्याफार फरकानें सारखीच होती.

ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. राखणीचें ओझें ज्या जातींच्या माथीं वंशपरंपरेनें लादलें होतें, त्यांच्यावरच पहिला आळही येत असे. आणि त्यांना मिळणारें बलुतें त्या ओझ्याच्या मानानें तुटपुंजेंच होतें. परंतु तिच्यामागचें तत्त्व लक्षांत घेण्याजोगें आहे. वस्तु कोणाची हें गांवाला ठाऊक असे, व ती गेली तर गांवाला उत्तर द्यावें लागे.

आतां सायकलीकडे वळूं. जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं इंग्लंडांत दोन सारख्या चाकांची व सांखळीनें चालणारी सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉपनें तिला वाऱ्यानें भरलेल्या रबराच्या धांवा दिल्या. त्यापूर्वींच आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सपाटींतून आगगाडी निघाली होती. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुराला पोहोंचला, आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं गांवें त्यावर आलीं. १८७० सालीं जलंबहून कापसाच्या पेठेपर्यंत, म्हणजे खामगांवापर्यंत, आठ मैलांचा फांटा झाला. जिल्ह्याचें ठाणें जें बुलढाणा, तें मात्र घाटावर राहिलें. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा यांनाही गाडी लाभली नाहीं. अशा मुलखांत खेड्यापासून स्टेशनापर्यंत आणि पुढें एस.टी. सुरू झाल्यावर खेड्यापासून फाट्यापर्यंतचें जें दोनचार कोसांचें अंतर, तेंच सायकलीचें खरें राज्य. आणि येथेंच तिच्या संकटाचें मूळ आहे. घोडा तबेल्यांत व बैल गोठ्यांत विसांवतो. पण नोकरमाणसाची सायकल मालकाला फाट्यावर सोडून दिवसभर उघड्यावर, एकटी, परक्यांच्या नजरेखालीं उभी राहते.

गांवांत दोनचारच सायकली असत तोंवर ही अडचण जाणवण्याचें कारण नव्हतें. डॉक्टरांची सायकल दुसऱ्या कोणाच्या हातीं दिसली असती तर रस्त्यावरच्या पोरांनींच हटकलें असतें. परंतु पुढें विलायती मालाच्या जोडीला देशी माल आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईंत हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं सोनिपतला ॲटलस व १९५६ सालीं लुधियान्याला हीरो सुरू झाले. सायकल वकिलाच्या ओसरीवरून उतरली आणि जिनिंगमधला मजूर, दूधवाला, पोस्टमन, प्राथमिक शिक्षक यांच्या हातीं आली. हा मोठाच लाभ होता. परंतु यंत्रानें वस्तु स्वस्त केली ती सारखी करून. तीच काळी फ्रेम, तेंच चामड्याचें सीट, तोच घंटीचा आवाज. बैलाचा माग मातींत निराळा दिसे. सायकलीच्या धांवेची नक्षी डांबरी सडकेवर उमटतच नाहीं, आणि धुळींत उमटली तरी तशाच शंभर नक्ष्यांत मिसळून जाते. गांवाची जुनी नजर येथें निरुपयोगी ठरली.

यावर समाजानें जे उपाय केले ते दोन जातींचे होते. एक लोखंडाचा, दुसरा ओळखीचा.

लोखंडाचा उपाय आपणां सर्वांच्या परिचयाचा. सीटखालीं मागच्या चाकाला बसविलेलें वर्तुळाकार कुलूप सायकल चालविण्यास प्रतिबंध करतें. परंतु तीस उचलण्यास मुळींच प्रतिबंध करीत नाहीं. वीस किलोंच्या आंतबाहेरची वस्तु खांद्यावर टाकून नेण्यास पैलवान लागत नाहीं. आमच्या सायकलीचेंही असेंच झालें असावें. म्हणून जाणते लोक सांकळ घालतात, आणि तीही फ्रेममधून, मागच्या चाकांतून व जमिनींत पुरलेल्या खांबाभोंवतीं. नुसत्या पुढल्या चाकाला सांकळ घातली तर चोर पान्यानें तें चाक सोडवितो व उरलेली सायकल घेऊन जातो. सांकळीचें कुलूप अलीगढचें असो वा आणखी कोठलें, तें जमिनीवर टेकूं देऊं नये. टेकलेल्या कुलपावर हातोड्याचा घाव नीट बसतो. इतकें सारें करूनही लोखंडाचा भरंवसा बेताचाच. अमेरिकेंत १९७०च्या दशकाच्या आरंभीं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचें जाड कांबीचें कुलूप निघालें आणि तें अजिंक्य मानलें गेलें. २००४ सालीं असें उघडकीस आलें कीं तशा कांहीं कुलपांच्या गोल किल्लीच्या भोंकांत साध्या बॉलपेनाचें टोंक घालून फिरविलें असतां तीं उघडतात! कांब तशीच अभंग राहिली. अजिंक्यपणा मात्र एका टाकापुढें हरला.

ओळखीचा उपाय याहून जुन्या वळणाचा आहे. कारखान्यानें प्रत्येक फ्रेमवर ठोकलेला आंकडा ही त्याची पहिली पायरी. दुसरी पायरी नगरपालिकांची. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९२२च्या नगरपालिका कायद्यानें वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला होता. असा कर पुष्कळ गांवीं सायकलींवरही बसे, आणि तो भरल्याची खूण म्हणून आंकडा घातलेला लहानसा बिल्ला सायकलीला लावावा लागे. लोक या बिल्ल्यावर रुष्ट असत. शिपाई दिसला कीं गल्लींतून सायकल वळविण्याचें कसब किती जणांनीं त्यापायींच कमावलें! करापुरता तो राग रास्तही असेल. पण त्या बिल्ल्यानें एक काम न सांगतां केलें. सारख्या दिसणाऱ्या शेंकडों सायकलींना त्यानें निरनिराळीं नांवें दिलीं, आणि तीं नांवें दफ्तरांत मालकांच्या नांवासमोर लिहून ठेविलीं. पुढें बहुतेक ठिकाणीं कर गेला व त्याबरोबर ती नोंदही गेली. कराचा बोजा उतरला याचा आनंद होतांना ओळखही उतरली हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. जपानसारख्या सधन देशानें मात्र १९९४ सालापासून सायकलीची नोंदणी कायद्यानें आवश्यक केली आहे.

तिसरी पायरी सायकल स्टँडची. टॉकीजबाहेर, स्टेशनाजवळ, आठवडेबाजाराच्या तोंडाशीं दोरी बांधून बसलेला तो स्टँडवाला आणि त्याचे जोडबिल्ले: एक हँडलला अडकवायचा, दुसरा मालकाच्या हातीं द्यायचा. चार पैशांत मिळणारी ही राखण म्हणजे गांवच्या राखणदाराचाच नवा अवतार. फरक एवढाच कीं येथें जातीचें ओझें नव्हतें, उघड करार होता.

व्हित्तोरिओ दे सीका यांचा 'बायसिकल थीव्हज' हा १९४८ सालचा इतालियन चित्रपट १९५२ सालीं मुंबईंत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला. त्यांतला बेकार गृहस्थ अंथरुणावरच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवितो, कारण सायकलीवांचून नोकरी नाहीं. आणि पहिल्याच दिवशीं, भिंतीवर जाहिरात चिकटवीत असतां, ती भर रस्त्यांतून पळविली जाते. रस्ता ओस नव्हता. पाहणारे होते, पण सायकल कोणाची हें त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतें. मग तो बाजारांत फ्रेमांच्या ढिगापुढें उभा राहून एका फ्रेमवरचा आंकडा वाचून घेतो, आणि आंकडा जुळत नाहीं. आमच्या ठाण्यावरील प्रसंगाच्या तुलनेंत एक गोष्ट आम्हांस लाजविते: त्या दरिद्री माणसाला आपल्या सायकलीचा आंकडा तरी ठाऊक होता.

कायदा या चोरीकडे किंमतीच्या मापानें पाहतो. १८६०च्या दंडविधानाचें ३७९ वें कलम साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंतची कैद सांगे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेचें ३०३ वें कलमही तेंच सांगतें. मात्र पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची वस्तु असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी असें आहे. ही तरतूद दयेची आहे व आम्हांस ती मान्य आहे. परंतु जुन्या सायकलीचें मोल रुपयांत मोजलें तरी तिचें काम मैलांत मोजावें लागतें. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेंत जाण्यासाठीं सायकली देण्यांत येतात. आमच्या जिल्ह्यांतील कांहीं तालुकेही त्यांत आहेत. पावसाळ्यांत चिखल तुडवीत तीनचार किलोमीटर येणारी अशी एखादी मुलगी सायकल हरवून घरीं गेली, तर "आतां रोज पायीं कशी धाडायची?" हा प्रश्न त्या घरांत निघाल्यावांचून राहत नाहीं, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां शाळेच्या विरुद्ध जातें. चोरानें नेलें तें लोखंड, पण गेली ती दहावी!

सुदैवानें या मुलींनीं ओळखीचें शास्त्र कोणी न शिकवितां साधलें आहे. शाळेच्या आवारांत एकसारख्या सायकलींची रांग पाहावी: कोणाच्या हँडलला रंगीत गोफ, कोणाच्या सांखळीच्या झांकणावर नांव, कोणाच्या पुढल्या दांडीला मण्यांची माळ. यंत्रानें पुसलेला बैलाच्या कपाळावरचा चांद त्यांनीं पुन्हां काढला आहे.

आमची सायकल मिळाली नाहीं. दुसरी घेतली तेव्हां प्रथम तिच्या फ्रेमचा आंकडा घरच्या हिशेबाच्या वहींत उतरला, पावती जपून ठेविली, पेंटरकडून नांव घालून घेतलें, आणि एक भक्कम सांकळही विकत आणली. पण सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट विकतची नव्हती. फाट्यावर खांबाशीं सायकल बांधून झाल्यावर आम्ही रोज शेजारच्या चहावाल्याला म्हणतों, "भाऊ, सायकल हाये जी इथं, जरा ध्यान ठेवजा." तो मान डोलावतो. एके दिवशीं आमचा पुतण्या आम्हांस न सांगतां ती न्यावयास गेला, तेव्हां त्या भल्या गृहस्थानें त्याला हातानें धरून बसविलें व आम्ही येईपर्यंत सोडलें नाहीं. पुतण्या रागावला, आम्ही मात्र त्या दिवशीं दोन चहांचे पैसे जास्त दिले.

वाचकांस एवढीच विनंति कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर त्यांनीं अंगणांत जाऊन आपल्या सायकलीच्या फ्रेमवरचा आंकडा एकदां वाचून घ्यावा. सांकळ तर घालावीच; पण जी वस्तु आपणच ओळखत नाहीं, तिला दुसऱ्यानें ओळखावें अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?