सुंदरबनची बुटकी मेंढी, फलटणची जुळी कोकरं

मेंढरांच्या बाजारात पहिला प्रश्न एकच. "किलो किती भरेल?" मीही तोच विचारायचो. पण एका बुटक्या मेंढीचा इतिहास वाचला आणि हा प्रश्न अपुरा वाटायला लागला.

ही गारोळ मेंढी. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात दलदलीत चरणारी. पूर्ण वाढली तरी जेमतेम १२-१५ किलो. आपली दख्खनी तिच्या दुपटीच्या आसपास. वजनावर निवड केली असती तर गारोळ पहिल्याच फेरीत बाद! पण दख्खनीला बहुधा एकच कोकरू होतं, गारोळला सर्रास दोन, कधी तीन.

१७९२-९३ मध्ये कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या 'बुरूला' नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या भरपूर कोकरं देतात म्हणून गाजल्या. १९८० च्या सुमारास संशोधकांना कळलं, की यामागे एकच जनुक आहे. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला, आणि तोच बदल गारोळमध्येही निघाला. म्हणजे ठेवा बंगालचा, नाव मात्र ऑस्ट्रेलियन फार्मचं!

आपल्याकडे हे काम केलं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं. १९९० च्या दशकात त्यांनी गारोळ आणून दख्खनीशी संकर केला. पुढच्या पिढ्यांत रक्ताची जनुक चाचणी करून ते जनुक असलेली कोकरं निवडली, आणि अंगानं पुन्हा दख्खनीकडे आणलं. त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली. या जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण बरंच वाढतं.

जादू नाही ही. जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात, आईचं दूध वाटून जातं, चारा जास्त लागतो. शिवाय वाढीचं असं एकच जनुक नसतं. त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो, आणि चाऱ्याचाही. म्हणून खरा हिशोब एका कोकराच्या वजनाचा नाही. एका मेंढीनं वर्षात जगवलेल्या सगळ्या कोकरांच्या किलोंचा आहे.

आज हे का लिहितोय? लोकरीला भाव राहिला नाही, मटणाला आहे. म्हणून वजनासाठी दख्खनी कळपांत जतकडचे माडग्याळ मेंढे सोडले जातात. धनगराला दोष देऊ नका, पोट त्याला आहे. पण उन्हातान्हात कोसच्या कोस चालणारी, दुष्काळात टिकणारी दख्खनी अशी विरघळून गेली, तर ते गुण परत कुठून आणणार? गारोळ सुंदरबनात टिकून होती म्हणून फलटणला आणता तरी आली.

सरकारनं शुद्ध दख्खनीचे कळप धनगरांच्याच वाड्यात राखावेत, आणि त्यासाठी त्यांना पैसे द्यावेत. तुमच्या गावात शुद्ध दख्खनी किती उरलीय? कमेंटमध्ये जरूर सांगा.